सतरावा किरण

तय्यबला नाही म्हणता येत नसे. तो त्याचा स्वभावही होता आणि धंदाही. मस्कतच्या मत्रा बंदरात लागणाऱ्या जहाजांना माल पुरवणाऱ्या एका कंपनीत तो चौदा वर्षं काम करत होता, आणि त्या कामाचा पहिला धडा असा की जहाजावरून काहीही मागितलं तरी आधी 'मिळेल' म्हणायचं. कुठून मिळेल ते जहाजाचा जिना उतरताना ठरवायचं. कांदेबटाटे, दोरखंड, रंगाचे डबे, एका कॅप्टनसाठी कमरेचा पट्टा, सगळं त्याने वेळेवर पोचवलं होतं. एकदा एका खानसाम्याला हळदीची ओली पानं हवी होती, तीही त्याने मिळवून दिली. ती कुणाच्या कुंडीतून गेली हे तो राहत होता त्या दार्सैतमधल्या निम्म्या बायकांना माहीत होतं.

त्यामुळे नव्व्याण्णव सालच्या जुलैत एका शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून तो घरी आला, आणि जेवता जेवता ताटाकडे बघत म्हणाला की एका झेंड्याचं बघायचं आहे, तेव्हा त्याच्या बायकोने, बिलकीसने, ओळखलं की हा माणूस शब्द देऊन बसला आहे.

हकिगत अशी होती. बंदरात एक जर्मन मालकाचं जहाज इंजिनाच्या कुठल्याशा भागासाठी खोळंबलं होतं. सोमवारी संध्याकाळी ते सुटणार होतं. वरचे अधिकारी युरोपातले, पण खलाशांपैकी सात जण एकाच देशाचे होते, आणि त्या देशाचं नाव तय्यबने चौदा वर्षांत कधी ऐकलं नव्हतं. स्पेलिंग वाचलं तर किरिबाटी. प्रशांत महासागरातली बेटं. सोमवारी, बारा तारखेला, त्या देशाला स्वतंत्र होऊन वीस वर्षं पूर्ण होत होती. खलाशांना त्या दिवशी जेवणघरात आपला झेंडा लावायचा होता आणि कॅप्टनने परवानगीही दिली होती. अडचण एवढीच होती, की त्यांच्यापाशी झेंडा नव्हता.

"मग तुम्ही काय बोललात?" बिलकीसने विचारलं.

"मिळेल बोललो."

मस्कतमध्ये तो झेंडा विकत मिळण्याची शक्यता नव्हती, हे तय्यबला 'मिळेल' म्हणतानाच माहीत होतं. त्याच्या डोक्यात बिलकीसचं शिलाई मशीन होतं.

ते मशीन हॉलच्या खिडकीपाशी असे. मुलं लहान होती तेव्हा बिलकीसने त्यावर घरचे कपडे शिवायला घेतले, मग शेजारणींचे, आणि आता अकरा वर्षांत शाळेचे गणवेश, पडदे, ओमानी बायकांचे झगे, कुणाच्या मुलीचा चर्चमधल्या कम्युनियनचा पांढरा फ्रॉक, असं काय काय त्या सुईखालून गेलं होतं. झेंडा मात्र कधी शिवला नव्हता. पण ती घाबरली नाही. मुलं सुट्टीला तिच्या नणंदेबरोबर रत्नागिरीला गेली होती, घर रिकामं होतं, आणि बाहेर इतकं ऊन होतं की कुठे जायचं मनातही येत नव्हतं. शिवाय तिला कुतूहल वाटत होतं. तिचे वडील रत्नागिरीजवळच्या साखरतरचे. उभी हयात मालवाहू जहाजांवर काढलेली. सुट्टीवर आले की ओसरीवर बसून ते बंदरांची नावं एकामागून एक सांगत, आणि लहानपणी ती बिलकीसला तोंडपाठ झाली होती. त्यांत हे नाव नव्हतं. वडिलांनी न पाहिलेला एक देश अजून शिल्लक होता, याची तिला गंमत वाटली.

झेंडा दिसतो कसा, हे आधी कळायला हवं होतं. ते काम वरच्या मजल्यावरच्या इरीनने केलं. इरीन वसईची. तिचा नवरा रेमंड एका हॉटेलात हिशेबनीस, आणि ती स्वतः मत्राला एका जहाज एजंटाच्या ऑफिसात टायपिस्ट होती. तिच्या ऑफिसच्या डायरीच्या शेवटच्या पानांवर जगातले सगळे झेंडे छापलेले होते. इरीन डायरी घेऊन खाली आली आणि तिघांनी ते पान खिडकीपाशी उजेडात धरलं. अंगठ्याच्या नखाएवढं चित्र. वर लाल आभाळ, त्यात उगवता पिवळा सूर्य, सूर्याच्या डोक्यावर उडणारा पिवळा पक्षी आणि खाली निळ्यापांढऱ्या लाटा. ते चित्र पानाच्या अगदी तळाशी होतं आणि छापताना कागद सरकल्यासारखा दिसत होता. लाटांचा खालचा भाग कडेला गेला होता.

"सुंदर आहे," इरीन म्हणाली. "पण हे शिवायचं म्हणजे काम आहे गं."

खरं काम सूर्याच्या किरणांचं होतं. ते किती आहेत, हेच कळेना. रेमंडला पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद होता, म्हणून त्याचं भिंग खाली आलं, आणि पाठोपाठ तोही आला. त्याने अठरा मोजले. इरीनने पंधरा. तय्यबने एक डोळा मिटून सोळा मोजले, आणि आपण रोज गोणी मोजतो तेव्हा आपलाच आकडा बरोबर, असं सांगून टाकलं. सोळावर सगळ्यांचं एकमत झालं, कारण चहा निवत होता.

शनिवारी सकाळी बिलकीस रुवीच्या कापडबाजारात गेली. तिथे लाल रंगाची तीन कापडं होती. तिने प्रत्येकाचा कोपरा ओल्या रुमालाने घासून पाहिला, आणि ज्याचा रंग रुमालाला लागला नाही ते घेतलं. जहाजावरची हवा ओली असते, लाल उतरून पांढऱ्या लाटांवर गेला तर सगळंच फुकट, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. निळं आणि पांढरं सुती, पिवळं जरा चकाकी असलेलं. दुपारपर्यंत तिने दोन पांढऱ्या लाटा निळ्यावर बसवल्या, वर लाल जोडला आणि पक्षी कापला. पक्षी तिने मुद्दाम मोठा घेतला, भिंतीवर लावला की लांबूनही उठून दिसेल असा. झेंडा दोन्ही बाजूंनी दिसतो, म्हणून तिने पक्ष्याच्या कडा पक्क्या शिवून घेतल्या आणि मागच्या बाजूने लाल कापड अलगद कातरून काढलं. मग तोच पिवळा पक्षी मागूनही दिसायला लागला. स्वतःचं काम बघून ती खूश झाली.

मग तिने किरण मांडायला घेतले आणि गाडी अडली.

किरण सगळे एकसारखे नव्हते. भिंगातून बारकाईने पाहिलं की कळत होतं, एक सरळ भाल्यासारखा, त्याच्या शेजारचा नागमोडी, पुन्हा सरळ, पुन्हा नागमोडी. बिलकीसने आठ सरळ आणि आठ नागमोडी कापले, सूर्याच्या अर्ध्या चकतीभोवती टाचण्यांनी लावले आणि दोन पावलं मागे सरली. डाव्या टोकाला सरळ किरण आला होता, उजव्या टोकाला नागमोडी. एका बाहीला काठ आणि दुसरीला नाही, असं काहीतरी ते दिसत होतं. तिने पुन्हा चित्रावर भिंग धरलं. मधले किरण पुसट होते, पण पाण्याला टेकलेले दोन्ही टोकांचे दोन किरण सरळ होते, यात शंका नव्हती. दोन्ही टोकं सारखी हवीत तर किरण सम असूच शकत नाहीत. पंधरा असतील नाहीतर सतरा.

संध्याकाळी तय्यब घरी आला तेव्हा ती टाचण्या तोंडात धरून तशीच बसली होती. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला की एवढा घोळ घालायचं कारण नाही, पंधरा लाव, मोकळी हो. भिंतीवर लावलेल्या झेंड्याचे किरण कोण मोजत बसणार आहे?

"ज्याचा झेंडा हाय तो मोजणार," बिलकीस म्हणाली.

मग तय्यब म्हणाला की खलाशांचा मुकादम भला माणूस आहे, त्यालाच विचारता येईल. इरीनच्या ऑफिसातून जहाजाशी रोज बोलणं होतंच. सोमवार यायला मधे एकच दिवस होता.

रविवारी दहा वाजता बिलकीस झेंड्याचं गाठोडं घेऊन मत्राला इरीनच्या ऑफिसात पोचली. टॅक्सीत तिने ते मांडीवर ठेवलं होतं, सीटवर ठेवलं नाही. मुकादम आधीच येऊन बसला होता. त्याचं नाव बेतेरो. वय पन्नाशीचं, खांदे दरवाजाएवढे, केस पिकायला लागलेले, शर्टाला कडक इस्त्री आणि पायात रबरी चपला. बिलकीस आत येताच तो उठून उभा राहिला आणि 'मौरी' म्हणाला. तो त्यांच्याकडचा सलाम, तब्येत चांगली असो असा त्याचा अर्थ, हे इरीनने विचारून सांगितलं. बेतेरोचं इंग्रजी थांबत थांबत चालायचं, बिलकीसचं तर नव्हतंच, त्यामुळे सगळं बोलणं इरीनमार्फत झालं. पहिली गोष्ट कळली ती ही की देशाचं नाव किरिबाटी नव्हेच. लिहायचं तसं, पण म्हणायचं किरिबास. त्यांच्या भाषेत स हे अक्षरच नाही, म्हणून ते त्याच्याऐवजी टी आणि आय लिहितात. तय्यब तीन दिवस चुकीचं नाव घेत होता आणि बेतेरोने एकदाही त्याला टोकलं नव्हतं.

बिलकीसने टेबलावर झेंडा पसरला. किरण अजून टाचण्यांवर होते. बेतेरो वाकून बघत राहिला. मग म्हणाला, फार छान आहे, फार सुंदर, तुमचे उपकार झाले.

इरीनने ते मराठीत सांगितलं, पण बिलकीसचं लक्ष त्याच्या नजरेकडे होतं. ब्लाऊज घालून बघणाऱ्या बायका तिने जन्मभर पाहिल्या होत्या. बरोबर बसला म्हणतात आणि आरशात काखेपाशी बघत राहतात. हा माणूस छान म्हणत होता आणि लाटांकडे बघत होता.

"इरीन, त्यांना सांग, तोंडदेखलं बोलू नका. जे चुकलंय ते आत्ता सांगा. उसवायला मला वेळ लागत नाय."

बेतेरो हसला. मग टेबलाच्या कडेला हात टेकून सावकाश सांगायला लागला.

लाटा तीन हव्यात. डायरीतल्या चित्रात तिसरी पानाच्या कडेला कापली गेली होती. देशातली बेटं तीन समूहांत विखुरलेली आहेत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जहाजाला दिवसचे दिवस लागतात, त्या तीन समूहांच्या या तीन लाटा. आणि समुद्र एवढासा नको. समुद्र अर्धा हवा, बरोब्बर अर्धा. वीस वर्षांपूर्वी झेंडा ठरत होता तेव्हा लंडनच्या जाणत्या मंडळींनी पक्षी आणि सूर्य मोठे केले होते आणि पाणी कमी केलं होतं, दिसायला बरं म्हणून. बेटांवरच्या लोकांनी ते चालवून घेतलं नाही. आमची जमीन एवढीशी, नारळाच्या झाडाहून उंच तिथे काही नाही, आम्ही जगतो ते पाण्यावर. पाणी कमी कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. शेवटी जसा लोकांना हवा होता तसाच झेंडा झाला. तो पहिल्यांदा वर चढला तेव्हा बेतेरो तीस वर्षांचा होता आणि गर्दीत खांद्यावर आपली मुलगी घेऊन उभा होता. म्हणजे बिलकीसने दिसायला बरं म्हणून जे केलं तेच लंडनवाल्यांनी केलं होतं, हे इरीनने तिला सांगितलं, आणि तिघंही हसले.

मग पक्ष्याची पाळी आली. बिलकीसने कापला होता तो घारीसारखा झाला होता. त्यांचा पक्षी वेगळा. पंख लांब आणि मधे कोपरासारखे वाकलेले, शेपूट कात्रीसारखी दुभंगलेली. समुद्रावर जगतो पण पाण्यावर बसत नाही, कारण त्याची पिसं भिजतात. वादळातसुद्धा वरच राहतो. बेतेरोने कागदावर काढून दाखवायचा प्रयत्न केला, पण पेन्सिलीतून उतरली ती कोंबडी. शेवटी त्याने पेन्सिल ठेवली, खुर्ची मागे सारली आणि ऑफिसच्या मधोमध उभं राहून दोन्ही हात पसरले. त्यांच्याकडचे नाच या पक्ष्यावरूनच बसवलेले असतात. खांदे स्थिर, कोपरं जराशी वाकलेली, बोटं ताठ, आणि मान एकदम एका बाजूला झटकलेली. एवढा आडदांड माणूस, पण त्या क्षणी तो हलका होऊन हवेत टांगल्यासारखा दिसला.

"हलू नका," बिलकीस मराठीतच म्हणाली आणि इरीनच्या टेबलावरचं कालचं वर्तमानपत्र ओढून तिने पिशवीतली कात्री काढली.

ती त्याच्याकडे बघत सरळ कागद कापत गेली, पेन्सिलीची रेघ न मारता. बेतेरोच्या कपाळावर घाम आला, पण त्याने हात खाली घेतले नाहीत. आतल्या खोलीतून इरीनचे साहेब बाहेर आले, हात पसरून उभा असलेला खलाशी आणि त्याच्यापुढे कात्री चालवणारी बुरख्यातली बाई पाहून दारातच थांबले, आणि काही न विचारता परत आत गेले. बिलकीसने कागद उलगडून धरला. बेतेरोने हात खाली घेतले, तो कागदी पक्षी तळहातावर ठेवून पाहिला आणि या वेळी छान वगैरे काही म्हणाला नाही. नुसती मान हलवली. ते बिलकीसला पुरलं.

"आता किरण," ती म्हणाली. "पंधरा की सतरा?"

तिने हे विचारल्याचं बेतेरोला नवल वाटलं. बाकी लोक सोळा म्हणतात, असं त्याने सांगितलं, कारण पुस्तकात मुख्य समूहातली बेटं सोळा दिलेली असतात. तुम्हाला सोळा नाहीत हे कसं कळलं? बिलकीसने टाचण्या लावलेली दोन टोकं त्याला दाखवली. इरीनला भाषांतर करावं लागलं नाही.

"सतरा," बेतेरो म्हणाला आणि खुर्चीत बसला.

सोळा बेटं एका ओळीत आहेत. सतरावं दूर पश्चिमेला, समुद्रात एकटं. त्याचं नाव बनाबा. बेतेरोची आई तिथली. त्या बेटाच्या पोटात खताचा दगड सापडला, आणि परदेशी कंपनीने तो ऐंशी वर्षं खणून जहाजं भरभरून नेला. खणून खणून बेटाची सुळक्यांची चाळण उरली. उभं राहायला सपाट जागा राहिली नाही. मोठ्या लढाईत जपानी आले आणि त्यांनी तिथली माणसं उठवून इकडेतिकडे नेऊन टाकली. लढाई संपल्यावर वाचलेल्यांना परत घरी नेलं नाही, फिजीतल्या एका बेटावर नेऊन वसवलं. आजी तिकडे गेली. आई तारावा या मुख्य बेटावरच्या माणसाशी लग्न करून मागे राहिली. आज बनाबावर मूठभर माणसं राहतात. पण झेंड्यावर त्या बेटाचा किरण इतरांइतकाच लांब आहे.

हे सांगताना त्याचा आवाज बदलला नाही. कुठल्या बंदरात काय भाव चालू आहे हे सांगावं तसं त्याने सांगितलं. बिलकीसने विचारलं की सतरांपैकी बनाबाचा किरण नेमका कुठला?

बेतेरोला याचं हसू आलं. तसं कुणी ठरवलेलं नाही, तो म्हणाला. आई म्हणायची मधला, सगळ्यात उंच. वडील म्हणायचे, तुमचा तो कडेचा, पाण्यात पाय बुडवून बसलेला. यावरून दोघांची दहा-बारा वर्षं गंमत चालली होती. तसं बघितलं तर दोन्ही किरण सरळ, तेव्हा भांडण मिटायला काही मार्ग नव्हता.

बिलकीसने झेंड्याची घडी घातली. घरी परतताना तिने रुवीला टॅक्सी थांबवून निळं, पांढरं आणि लाल कापड आणखी घेतलं, आणि पक्ष्यासाठी पिवळंही.

दुपारभर तिने उसवलं. जुन्या पक्ष्याच्या जागी लाल कापडाला भोक पडलं होतं, तेव्हा लाल पट्टाच नवा घ्यावा लागला. इरीन ऑफिस सुटल्यावर थेट खाली आली आणि दोरे काढत बसली. तय्यबने कुणी न सांगता स्वयंपाक हातात घेतला आणि बांगड्याचं कालवण केलं. त्यात मीठ जरा पुढे होतं, पण दोघी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजाआधी समुद्र अर्धा झाला, तीन लाटांसकट. पहाटे फज्रच्या नमाजानंतर बिलकीसने पक्षी बसवला, मग सूर्य, मग किरण, डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत. नऊ सरळ, आठ नागमोडी. शेवटचा दोरा कापला तेव्हा सात वाजले होते आणि खिडकीची काच आतूनसुद्धा तापायला लागली होती.

नऊच्या सुमाराला तय्यब झेंडा घेऊन निघणार, तेवढ्यात इरीनचा ऑफिसातून फोन आला. बेतेरोने कॅप्टनला विचारून घेतलं होतं आणि इरीनच्या साहेबांनी बंदराचे दोन पास काढले होते. दुपारच्या जेवणाला त्या दोघींनी जहाजावर यायचं होतं.

बिलकीसच्या माहेरी प्रत्येक घरात एक तरी जहाजी माणूस होता. वडील जहाजावर, दोन भाऊ जहाजावर, नवरा रोज जहाजं चढणारा. ती स्वतः मात्र कधी जहाजावर पाऊल ठेवू शकली नव्हती. लहानपणी वडिलांना सोडायला ती मुंबईच्या गोदीपर्यंत गेली होती, आणि फाटकापाशी पोलिसाने बायकामुलांना थांबवलं होतं. आता ती बुरख्याची कड मुठीत धरून तो लोखंडी हलता जिना चढत होती, आणि मागून तय्यब पाय कुठे ठेव, हात कुठे धर हे सांगत होता. अर्ध्यावर ती थांबली. खाली धक्का आणि जहाज यांच्यामध्ये हिरवं पाणी दिसत होतं. भीती वाटते का, असं तय्यबने विचारलं. तिने नाही म्हणून मान हलवली. तिला फक्त बघायचं होतं.

जेवणघरात सातही जण उभे होते. फुलं कुठून मिळणार, म्हणून त्यांनी रंगीत प्लास्टिकच्या दोऱ्या उकलून डोक्यावर घालायला हार केले होते. दोन हार जास्तीचे होते. ते बिलकीसच्या आणि इरीनच्या डोक्यावर चढले. तय्यबने आपल्यासाठी हार नाही याबद्दल तक्रार केली, तेव्हा खानसाम्याने स्वतःचा काढून त्याला घातला. मग झेंडा उघडला. बेतेरो भिंतीपाशी उभा राहून ओठ हलवत मोजायला लागला, आणि बिलकीसने तय्यबला कोपराने ढोसलं. सतरा झाले. बेतेरोने मधल्या किरणावर बोट ठेवलं, मग विचार बदलून कडेच्या किरणावर ठेवलं आणि तिच्याकडे बघून हसला.

त्यांनी त्यांचं राष्ट्रगीत म्हटलं. शब्द कुणाला कळत नव्हते, पण सात माणसांच्या गळ्यांतून सत्तर माणसांएवढा आवाज आला आणि टेबलावरच्या बशा वाजल्या. नंतर त्यांतल्या दोघांनी बाक बाजूला सारून नाच केला. पसरलेले हात, झटकलेली मान; आणि वर भिंतीवर तोच पक्षी तसाच. इरीनच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती म्हणाली की डोळ्यांत मसाला गेला. जेवणात भात होता आणि नारळाच्या दुधात लिंबू पिळून कालवलेला कच्चा मासा होता. तय्यबने तो जपून चाखला. बिलकीसने दोनदा घेतला आणि इरीनमार्फत खानसाम्याला सांगितलं की लिंबाऐवजी कोकम घालून बघा. कोकम कुठे मिळेल, असं त्याने तय्यबकडे बघून विचारलं.

"मिळेल," तय्यब म्हणाला.

संध्याकाळी जहाज सुटण्याआधी बिलकीसच्या डब्यातलं कोकम बंदरात पोचलं होतं.

त्या झेंड्याची बातमी बंदरात फिरली. तय्यबच्या अर्बाबला, म्हणजे कंपनीच्या ओमानी मालकाला, ती कल्पनाच आवडली, आणि पुढच्या काही महिन्यांत जहाजांच्या यादीत 'झेंडा' हा शब्द वरचेवर यायला लागला. बिलकीसने बरेच देश शिवले. मुलं सुट्टीवरून परतली तेव्हा हॉलमध्ये बसायला जागा नव्हती आणि लेक हिबाने आईला इंग्रजीत विचारलं की आपण युनायटेड नेशन्स झालो का. दोन हजार सालच्या थंडीत एका हॉटेलातल्या परिषदेसाठी पलाऊ नावाच्या बेटांच्या झेंड्याची मागणी आली. यात काही नव्हतंच. निळं कापड आणि त्यावर पिवळा पूर्ण चंद्र. अर्ध्या तासाचं काम आहे, असं तय्यब म्हणाला.

बिलकीसने चित्रावर पट्टी ठेवली. चंद्र बरोब्बर मधे नव्हता. काठीच्या बाजूला जरासा सरकलेला होता. तय्यब म्हणाला की छपाईत सरकला असेल, मधे लाव, सुबक दिसेल.

"आधी कुणाला तरी विचारा," बिलकीस म्हणाली आणि कात्री बाजूला ठेवून तिने चहाचं आधण चढवलं.

इरीनने ऑफिसातून दोन ठिकाणी फोन केले. दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं की चंद्र तिथेच असतो, मुद्दाम. मग बिलकीसने तो कापला आणि जिथे असायला हवा होता तिथे, मध्यापासून जरा अलीकडे, टाचणीने लावला.